चोरानं लाथ घातली तरी

धर्माजींच्या घराला नवं दार बसलं त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि संध्याकाळी धर्माजींनी घरातल्या सगळ्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, "ह्या दाराला कुणी हात लावायचा न्हाई."

"मग उघडायचं कसं?" ठकूबाईंनी विचारलं.

"मूठ हाय ना! मुठीला हात लावायचा. दाराला न्हाई."

ठकूबाईंनी कपाळाला हात लावला. त्याला अजून बंदी नव्हती.

त्याचं असं झालं. ओतूरच्या पुढं मांडवी नदीच्या काठाला धर्माजींचं घर. मुलाचं, म्हणजे भरतचं, लग्न मंचरकडच्या यमाजींच्या सुंदराशी ठरलं. धर्माजी मुलगी बघायला गेले ते मुलगी कमी आणि यमाजींच्या घराच्या सरकत्या काचेच्या खिडक्याच जास्त बघून आले. परत आल्यावर त्यांना आपलं सागवानी दार एकदम गावंढळ दिसायला लागलं. बहिरू सुताराच्या बापानं ते केलेलं होतं आणि ते ढकलायला दोन माणसं लागत. धर्माजींनी ते काढून गोठ्याला लावलं आणि मंचरच्या हायवेवरच्या एका दुकानातून 'वज्रद्वार' कंपनीचं चकचकीत बदामी दार आणलं. सोबत पितळी मूठ, आपोआप लागणारं कुलूप आणि सात वर्षांची वॉरंटी.

दारापेक्षा त्यांना वॉरंटीचंच कौतुक जास्त होतं. पारावर बसून ते समजावून सांगत, "ग्यारंटी येगळी न् वॉरंटी येगळी. ग्यारंटी म्हंजी वस्तू बिघडली की नवी. वॉरंटी म्हंजी बिघडली की कंपनीचा मानूस पुन्याहून येणार, बघणार, मग ठरवणार. पण आपल्या दाराचं लई विशेष हाय. दुकानदार म्हणला, चोरानं लाथ घातली तरी कंपनी नवं दार देती!"

"आन घरच्यानं घातली तर?" बहिरू सुतारानं विचारलं. बापाचं दार गोठ्यात गेल्यापासून तो धर्माजींशी तिरकंच बोलायचा.

"घरचा कशाला लाथ घालंल? घरच्याचा हात जरी आडवातिडवा लागला तरी वॉरंटी खलास. आन कंपनीबिगर दुसऱ्या सुतारानं स्क्रू फिरवला तर खलासच!"

"माझ्या बाच्या दाराला वॉरंटी नव्हती," बहिरू म्हणाला. "म्हणून साठ वर्षं टिकलं."

दारावर कारखान्यातून आलेलं पातळ प्लास्टिक होतं. ते काढायचा प्रश्नच नव्हता. धर्माजींच्या घरी टीव्ही जळून गेला तरी त्याच्या रिमोटचं प्लास्टिक शाबूत होतं. दाराच्या कडेला, कुलपापाशी, प्लास्टिक सुटून फडफडायला लागलं तेव्हा ठकूबाई म्हणाल्या, "अवो, काढून टाका ना ते, कुलपात जातंय." धर्माजींनी ते काढलं नाही. रोज सकाळी उठून बोटानं आत दुमडत बसले. लग्नाचं तोरणही दाराला लागलं नाही. खिळा कसा ठोकणार? दोन बाजूंना दोन बांबू रोवले आणि तोरण त्यांना बांधलं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, दार कुठं पळून जाईल म्हणून कुणी कुंपण घातलंय.

लग्न मंचरला झकास झालं. मुलीला निरोप देताना यमाजींनी डोळे पुसले आणि धर्माजींचा हात धरून म्हणाले, "इवाई, पोरगी लई गरीब हाय. पायाखाली मुंगी मरायची न्हाई."

"काळजी करू नगा," धर्माजी म्हणाले. "आमच्यात घरच्या वस्तूला जपत्यात." त्यांच्या डोक्यात दारच होतं, पण यमाजींना बरं वाटलं.

वरात घरी पोचली तेव्हा सूर्य डोंगराला टेकायला आला होता. सून दारात आली की नवऱ्या मुलाच्या बहिणीनं दार अडवायचं, सुनेनं नाव घ्यायचं, पोटची लेक द्यायचा शब्द द्यायचा आणि मगच उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडून आत यायचं, ही रीत. दर घरात बहीण दारात आडवी उभी राहते. भरतची बहीण नंदाही राहिली असती. पण धर्माजी वरातीतून पुढं पळत आले आणि दबक्या आवाजात तिला म्हणाले, "नंदे, दार लावून घे आतून!"

"कशाला आबा? मी हाय की उभी."

"अगं, उघडं दार दिसतंय व्हय कुणाला? मंचरची मानसं आल्यात. लाव! मूठ दिसली पायजे!"

नंदानं दार ओढून घेतलं. कुलूप खटकन लागलं. बदामी दारावरच्या प्लास्टिकवर मावळतीचा उजेड असा चमकला की धर्माजींना भरून आलं. त्यांनी मंचरच्या पाहुण्यांकडं बघितलं. पाहुणे मासवडीचा वास कुठून येतोय ते बघत होते.

"घ्या नाव!" बायका ओरडल्या.

सुंदरानं मान खाली घालून नाव घेतलं, "कांद्याच्या चाळीला चारी बाजूंनी वारा, भरतरावांचं नाव घेते, वन्सं, दार सारा."

"लेक देशील का माझ्या आदेशला?" आतून नंदा. आदेश हा तिचा दीड वर्षाचा मुलगा. तो त्या वेळी तिच्या कडेवर बसून पेढा चाटत होता.

"दिली."

"शब्द?"

"शब्द!"

टाळ्या पडल्या. वाजंत्र्यानं सनईत हवा भरली. दार काही उघडलं नाही.

"अगं नंदे, उघड की!"

"उघडंना!" आतून आवाज आला.

"बघा, बघा, लई लबाड हाय नंदी! घ्या अजून एक नाव!"

सुंदरानं घेतलं, "मंचरच्या बाजारात बटाट्याची रास, भरतरावांचं नाव घेते, नका देऊ त्रास."

दार गप्प. भरत पुढं झाला आणि म्हणाला, "नंदाताई, पैठणी घेतो तुला!"

"मला पैठणी नको रे, पक्कड दे!"

सगळे खो खो हसले. अशी करवली पंचक्रोशीत झाली नव्हती. भरतनं पैठणीवर चांदीचे पैंजण लावले. नंदा आत मूठ धरून लोंबकळत होती आणि रडकुंडीला आली होती. बाहेर बायका एकमेकींना सांगत होत्या की हिनं नवऱ्यालाही असंच नाचवलंय. सुंदरा सकाळपासून शालूत, मुंडावळ्यांत आणि मे महिन्यात उभी होती. तिसऱ्या नावाला तिचा आवाज जरा बदलला, "पायात रुतली जोडवी, कमरेला आली कळ, भरतरावांचं नाव घेते, दार उघड नायतर पळ!"

तेव्हा ठकूबाईंना शंका आली. त्या मागच्या दारानं आत गेल्या आणि तशाच परत आल्या. "अवो, पोरगी लबाडी करत न्हाई. कुलूप हलंना!"

बहिरू सुतार गर्दीतून पुढं आला. बाह्या सारत म्हणाला, "सरका. चार स्क्रू हायेत. दार बाजूला काढतो."

"खबरदार!" धर्माजी दारापुढं हात पसरून उभे राहिले. "तुजा हात लागला की वॉरंटी गेली! कंपनीला फोन करू. मानूस येईल."

"पुन्याहून?"

"मग काय आकाशातून?"

एक पोरगा सायकल हाणत फोन करायला गेला. कंपनीत फोन कुणी उचलला नाही, रविवार होता. एवढ्यात मासवडीच्या रश्श्याला दुसरी उकळी आली आणि वास मागच्या दारानं फिरून अंगणात आला. मंचरचे पाहुणे म्हणाले, आमी जरा हातपाय धुतो. ते गेले ते मागच्या दारानं आत गेले. त्यांच्या मागं भावकी गेली. भावकीमागं वाजंत्री गेले. बघता बघता सगळी वरात घरात पंगत धरून बसली आणि दारात उरले नवरा, नवरी, धर्माजी, बहिरू आणि चुलतभाऊ गेणभाऊ. गेणभाऊंना रीतिरिवाज तोंडपाठ होते आणि दातदुखीमुळं मासवडी चालत नव्हती.

"आबा, आमी बी मागच्या दारानं जातो," भरत चाचरत म्हणाला.

"लक्ष्मी मागच्या दारानं?" गेणभाऊ कडाडले. "मागच्या दारानं अवदसा येती! आन ऐक धर्मा, दिवस मावळला की अमावस्या लागती. त्याच्या आत सुनंचं पाऊल आत पडलं पायजे. न्हाई पडलं तर मग तिला आजची रात म्हायेरी धाडावी लागंल. लोकं म्हणतील, दारातनं सून परत केली."

सुंदरानं चमकून वर बघितलं. अंगावरची हळद निघायच्या आत दारातून परत? उद्या मंचरला बायका काय बोलतील? तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगोलग त्याच डोळ्यांत जाळही आला.

"धर्माजी, अजून सांगतो, दोन मिनटांचं काम हाय," बहिरू म्हणाला.

"सात वर्षांची वॉरंटी हाय बहिरू!"

"मामा," सुंदरा पहिल्यांदाच सासऱ्याशी बोलली. "दार मोठं का सून मोठी?"

धर्माजी गडबडले. त्यांना सून मोठी असं म्हणायचंच होतं, पण तोंडातून निघालं, "तसं न्हाई पोरी, पण वॉरंटीत..."

सूर्याची कड तेवढी डोंगरावर उरली होती. "पाऊल!" गेणभाऊ ओरडले. "नुसतं उजवं पाऊल आत पडू द्या, बाकीचं मागनं बघू!"

सुंदरानं शालू घोट्याच्या वर धरला. देवाचं नाव घेतलं. मग उजवा पाय उचलला आणि घातली लाथ.

माप उडालं, तांदूळ गेणभाऊंच्या तोंडावर बसले, आणि वज्रद्वाराला भगदाड पाडून सुनेचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. आत पंगतीला सगळ्यांचे घास थांबले. दारातून एक मेंदी लावलेला पाय आत आला होता आणि बोटं हलवत होता. पहिल्यांदा ठकूबाई भानावर आल्या. त्यांनी ताम्हण उचललं, त्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि निरांजन ओवाळलं. नंदानंही वाकून नमस्कार केला, कारण सगळे करत होते.

"सूर्य हाय का?" सुंदरानं बाहेरून एका पायावर तोल सावरत विचारलं.

"हाय! आत्ता गेला!" गेणभाऊंनी डोळ्यांतले तांदूळ काढत जाहीर केलं. "गृहप्रवेश झाला!"

पुढचं काम बहिरूनं केलं. धर्माजी खाली बसले होते, त्यांना त्यानं विचारलंही नाही. करवतीनं भगदाड मोठं करून सुनेचा पाय सोडवला, कुलूप उचकटलं. कुलपातून प्लास्टिकचा चांगला लिंबाएवढा बोळा निघाला. दाराच्या आतून पुठ्ठा निघाला. धर्माजी दोन्हींकडं बघत राहिले. सुनेच्या पायातलं एक जोडवं गायब होतं. ते अंगणभर शोधलं, पण सापडलं नाही.

चार दिवसांनी कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, घामाघूम, बिचारा एसटीनं आला होता. त्यानं भगदाडात डोकं घालून बघितलं.

"हे कशानं झालं?"

"लाथेनं," बहिरू सुतार ओट्याच्या कडेवरून म्हणाला. तो खास हे बघायला आला होता. निम्मं गावही आलं होतं.

"कुणाच्या?"

धर्माजींनी घसा साफ केला आणि सगळी हकिगत सांगितली. माणूस ऐकत ऐकत गोंधळला. मग म्हणाला, "हे बघा काका. घरच्या माणसानं तोडलं तर कंपनी काही देत नाही. बाहेरच्यानं, म्हणजे चोर वगैरे, लाथ मारली असेल तर नवं दार. कुलूपही नवं. मला फक्त एकच सांगा, लाथ मारली तेव्हा त्या बाई घरच्या होत्या का परक्या?"

गावात असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. गेणभाऊंनी मिशीला पीळ दिला. "शास्त्रानं बघाल तर माप वलांडल्याबिगर सून घरची व्हत न्हाई. आन लाथ बसली तवा माप जाग्यावर व्हतं."

"पण त्याच लाथंनं माप उडालं की!" बहिरू म्हणाला. "म्हंजी लाथ सुरू झाली तवा परकी, लाथ संपली तवा घरची."

"मोडलं कधी? सुरुवातीला का शेवटाला?" कुणीतरी विचारलं. त्यावर दोन तट पडले.

कंपनीच्या माणसाला पाचची एसटी गाठायची होती. त्यानं कागद पुढं केला. "वाद कशाला? तुम्ही लिहून द्या, लाथ मारणारी व्यक्ती आमच्या घरची नव्हती. सही करा. पंधरा दिवसांत नवं दार."

धर्माजींच्या डोळ्यांपुढं बदामी दार उभं राहिलं. पितळी मूठ उभी राहिली. चार दिवस गल्लीतली पोरं त्यांच्या भगदाडातून आत डोकावून 'भॉ' करत होती. पेन त्यांनी हातात घेतलं.

तेवढ्यात सुंदरा चहा घेऊन आली. दुखऱ्या पायाला हळदीचा लेप होता, लंगडत चालत होती. तिनं कंपनीच्या माणसाला कप दिला, सासऱ्यांना दिला आणि खाली बघत म्हणाली, "करा सही, मामा. मी परकी असंल तर परकी. फकस्त मग दारात वन्संना दिलेला शब्द बी परकीचाच. लेक मिळायची न्हाई."

"आबा!" नंदा घरातून धावत आली. "सही करायची नाय हां! माझ्या आदेशची सासू हाय ती!"

"आन मी कुंकू लावलं, ओवाळलं," ठकूबाई भगदाडातूनच बोलल्या, "ते काय चोराच्या पायाला?"

धर्माजींनी सुनेकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती, पण ओठ घट्ट मिटलेले होते. दार मोठं का सून मोठी, हा तिचा प्रश्न चार दिवस तसाच ओट्यावर पडून होता. त्या दिवशी आपण उत्तर काय दिलं ते धर्माजींना आठवलं आणि त्यांना फार लाज वाटली. रात्ररात्र त्यांना झोप नव्हती ती दारासाठी नव्हती, हे त्यांना आत्ता कळलं.

"न्या तुमचा कागद," ते म्हणाले. "पोरगी आमच्या घरची हाय. माप वलांडल्यापासनं न्हाई, मांडवात अक्षदा पडल्या तवापासनं."

"मग वॉरंटी संपली काका."

"संपली तर संपली! लाथ आमच्या घरची, दार आमच्या घरचं. तुमी च्या प्या."

माणूस चहा प्याला आणि गेला. बहिरूनं मुद्दाम गोठ्याकडं बघितलं. पण धर्माजी एवढ्यात सागवानी दाराला शरण जाणार नव्हते. भगदाडावर त्यांनी जत्रेतलं कॅलेंडर अडकवलं, आणि ते अडकवायला स्वतःच्या हातानं खिळा ठोकला. चार खिळे ठोकले. लई वर्षांनी एवढं बरं वाटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी यमाजी लेकीला माहेरपणाला न्यायला आले. वाऱ्यानं पुठ्ठ्यातले खालचे खिळे सुटून कॅलेंडर फडफडलं आणि भगदाड उघडं पडलं. यमाजी थबकले.

"इवाई, हे काय झालं?"

धर्माजींनी आत बघितलं. सुंदरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चेहरा पांढरा पडला होता. बापाला कळलं तर? धर्माजींनी छाती काढली आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली.

"बिबट्या, पावणं! लई माजलेत आमच्याकडं. आला रातचा, घातली झडप."

"अरारा!" यमाजी म्हणाले. त्यांनी वाकून भगदाड बघितलं, उंची बघितली, मग दारावर टिचकी मारली. आत काहीतरी खुळखुळलं. यमाजींनी पुठ्ठ्यात हात घातला, चाचपलं आणि बाहेर काढलं. तळहातावर चांदीचं जोडवं होतं.

"बिबट्या सवाष्ण व्हता वाटतं," यमाजी म्हणाले.

धर्माजींना जमिनीत जावंसं वाटलं. पण यमाजी ओट्यावर शांत बसले, जोडवं उपरण्यानं पुसलं आणि हळूच म्हणाले, "उगा थाप मारू नगा, इवाई. आमच्या गोठ्याचं दार दोनदा बदललंय. सरकत्या खिडक्या कशापायी बसवल्या वाटतं तुमाला? पहिल्या लाकडाच्या व्हत्या."

धर्माजींनी कपाळावर हात मारला. "अवो, मग मांडवात माझा हात धरून काय सांगितलंत? पायाखाली मुंगी मरायची न्हाई म्हणून!"

"मुंगी मरतच न्हाई! मुंगीची ग्यारंटी आजबी देतो. दाराचं तुमी इचारलं कुठं?"

धर्माजींना आधी राग आला, मग हसू आलं आणि मग ते इतके हसले की लोंबणारं कॅलेंडरही गळून पडलं. डोळे पुसत त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, तुमच्या बापाला च्या आणा! आन येताना मधलं दार तेवढं हातानं उघडा!"